फराटे मास्तर

ही वही कोणाच्या हाती पडलीच तर आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट जमत नाही. मी चौथी पास आहे, तीही केनवडच्या शाळेत मुलांच्या मागे, दाराजवळ बसून. शिवाय उजव्या हाताची दोन बोटं बिब्ब्यानं इतक्यांदा उतली आहेत की टाक धरताना ती वाकत नाहीत. ओळ खाली घसरली असेल तर सांभाळून घ्यावं. मला चारचौघांत बोलता येत नाही. जे बोलायचं होतं ते वेळेवर बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे. बा होता तोवर तेही केलं नाही.

ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. मुंबईकडे त्या नावाला आता मान आहे म्हणतात. आमच्या गावात त्यांना सगळे फराटे मास्तर म्हणत. ते आडनाव नव्हतं. ते पांढऱ्या कपड्यावर कुंचला असा ओढत की हातभर रुंद काळा फराटा उठे. त्यात माणूस नसे, झाड नसे, देव नसे, नुसता फराटा. गावातल्या पोट्ट्यांनी ते नाव ठेवलं, आणि ते इतकं बसलं की वाशिमचा एक पाहुणा विचारत होता, हे फराटे कोणत्या गावचे.

मास्तर आले ते आमच्या गावच्या मालकांच्या, देशमुखांच्या कामासाठी. देशमुखांचे वडील वारले होते. त्यांचा तळहाताएवढा एक फोटो घरात होता, तोही पाणी लागून डागाळलेला. त्यावरून भिंतीवर लावायची मोठी रंगीत तसबीर करून द्यायची, असं ठरलं होतं. काम दीड महिन्याचं, पण मास्तर राहिले नऊ महिने. नदीच्या वाटेवर देशमुखांचा कापसाचा कोठा होता, तो त्यांना राहायला दिला होता. आम्ही परीट. रोज गाठोडी घेऊन त्याच वाटेनं डोहावर जायचो. म्हणून मास्तरांना गावात सगळ्यात जास्त आम्ही पाहिलं असेल. आम्ही म्हणजे माझा बाप नथू आणि मी. माझा नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पटकीनं गेला. तेव्हापासून मी बापाकडेच होते.

पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही अंगणात भट्टी लावत होतो. आमच्या कुत्र्याला भिऊन मास्तर दूर बाभळीपाशी उभे राहिले आणि तिथूनच ओरडून बोलले.

"नथूजी, एवढे कपडे धुवायचे आहेत. पण डाग काढू नका!"

बानं सदरा उलगडून पाहिला. पाठीपासून बाहीपर्यंत काळे शिंतोडे.

"डाग ठिवाचे तं धुवाले कायले देता, मास्तर?"

"मळ काढा. डाग राहू द्या."

"आमी परीट हाओत. डाग दिसला का आमचे हात गप बसत नाईत. उद्या लोक म्हनतीन, नथूले धुताच येत नाई."

"त्यांना सांगा, हे डाग मास्तरांनी पैसे देऊन ठेवून घेतले."

बा हसला, पण ऐकलं नाही. खारी माती, भट्टी, दगड, सगळं करून त्यानं तो सदरा बगळ्याच्या पंखासारखा करून दिला. मास्तर चौथ्या दिवशी तो हातात घेऊन परत आले. कुत्र्याचंही भान नव्हतं, सरळ आत आले.

"माझा काळा इतका कच्चा आहे होय?" ते म्हणाले. बाला नाही, सदऱ्यालाच विचारल्यासारखं. मग खालची कड उलटी करून पाहिली. "आणि हे का नाही गेलं?"

ती आमची खूण होती. कोणता कपडा कोणत्या घरचा ते कळावं म्हणून परीट कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्यानं खूण घालतो. बिब्ब्याला सुईनं टोचायचं, रस कपड्यावर टेकवायचा, वर चुना लावायचा. तो काळा मग कपडा फाटला तरी जात नाही. बाला लिहिता येत नव्हतं म्हणून त्याच्या खुणा म्हणजे टिंबंच टिंबं. मी चौथी झाल्यावर अक्षरं घालू म्हटलं तर तो म्हणाला, "अक्षर तुले समजते. मले काय समजन? मले समजन असं काही घाल." तेव्हापासून चाळीस घरांच्या खुणा मीच बसवल्या होत्या.

"हे कोणी काढलं?" मास्तरांनी विचारलं.

"माह्या पोरीनं. पारबते, ये वं इकडं."

मी दाराआडून आले. मास्तरांनी मला हात जोडले. कोणी परटाच्या पोरीला हात जोडत नाही, मला कुठे पाहावं ते कळेना.

"पारबताबाई, तुम्ही मला तुमच्या सगळ्या खुणा दाखवाल?"

मला जन्मात पहिल्यांदा कोणी तुम्ही म्हटलं ते मास्तरांनी.

दोन सकाळी ते आमच्या अंगणात बसून धुतलेल्या कपड्यांचे कोपरे उलटे करून पाहत राहिले. शाळेच्या हेडमास्तरांची एकच ताठ रेघ, कारण ते तसे चालत. देशमुखांच्या तीन उभ्या रेघा आणि त्यांच्या पोटातून जाणारी एक आडवी. वाण्याच्या घरच्या कपड्यांवर दोन वाकड्या रेघा होत्या, एकमेकींकडे पाठ केलेल्या. त्या पाहून मास्तर थांबले.

"या घरात दोघींचं पटत नाही का हो?"

वाण्याच्या दोन सुना बोलत नव्हत्या, ते खरं होतं. पण ती खूण घालताना माझ्या मनात काय होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, बालाही नाही. या माणसानं ते वाचलं. खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. माझ्या हातून काही झालं आहे असं मला तोवर माहीतच नव्हतं.

मग त्यांनी बिब्ब्याचा काळा शिकवा म्हणून हट्ट धरला. बा म्हणाला, "मास्तर, बिब्बा सगळ्याइले पचत नाई. कोनाच्या अंगावर उतते."

"मला पचेल."

पचला नाही. मी हाताला तेल चोळा म्हणून तीनदा सांगितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोळे मिटले, ओठ सुजले, हात पपनसासारखे झाले. देशमुख कोठ्यावर आले आणि त्यांना ओळखलंच नाही.

"मास्तर, माह्या बापाची तसबीर काढाले बोलावलं तुमाले. आता तुमचीच काढाची पाळी आली!"

मी आठ दिवस खोबरं आणि तीळ वाटून लेप पाठवत होते. मास्तर नवव्या दिवशी पुन्हा बिब्बा मागायला आले. तोंडावर साली निघत होत्या आणि हसत होते.

त्यानंतर काळा मी करायचे. आतल्या गोडंबीसाठी बिब्बा फोडणाऱ्या बायकांकडून टरफलं आणायची, खापरात तापवून रस पाडायचा, त्यात दिव्याची काजळी घोटायची. फराटा मारला की मास्तर वरून चुन्याचं पाणी फिरवत. सुरुवातीला तपकिरी दिसणारा रंग डोळ्यांदेखत काळा होत जाई, आणि मास्तर दरवेळी मला सांगत, जसं काही मी ते पाहिलंच नव्हतं, "बघा, बघा, पारबताबाई, जागा झाला."

त्यांच्या कामाची रीत मी कधी विसरणार नाही. भिंतीला पांढरा कपडा ठोकायचा आणि समोर बसून राहायचं. सकाळी जाताना आम्ही पाहायचो, बसलेले. दुपारी ओले कपडे घेऊन परतायचो, बसलेलेच. बा म्हणायचा, "हा मानूस कपड्यावर नजर ठिवून राह्यला का कपडा याच्यावर?" मग कधीतरी ते उठत. शिंदीचं देठ ठेचून केलेला झाडूएवढा कुंचला दोन्ही हातांत धरत, श्वास रोखत आणि कपड्यावर चालून जात. घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत सगळं संपलेलं असे. मग खाकरत, कुंचला कोपऱ्यात टेकवत आणि उभ्यानंच भाकर खात. कोठ्यात सगळीकडे कापसाचे पुंजके उडत. ओल्या काळ्यावर ते येऊन चिकटत. मी एकदा ते वेचायला गेले तर म्हणाले, "राहू द्या. तो आपल्या पायानं आला आहे."

त्यांची एक बोलण्याची सवय होती. काही झालं की म्हणत, "पुसायचं नाही." भाकरीला तिखट जास्त झालं तरी, चप्पल आमच्या अंगणात विसरले तरी. शाईनं काढलेलं पुसता येतं, म्हणून माणूस शाईनं खोटं काढतो, असं ते म्हणत. बिब्ब्यासमोर खोटं चालत नाही. मला ते बोलणं फार आवडायचं. मी ते मनात घोळवत कपडे आपटायची.

देशमुखांना मात्र हे फराटे पाहून धास्ती पडली. एक दिवस तसबीर कुठवर आली ते पाहायला आले आणि भिंतीवरच्या कपड्यासमोरच थबकले.

"मास्तर, याच्यात माहा बाप कुठी हाये?"

"यात नाही मालक. तुमचे वडील तिकडे कोपऱ्यात आहेत."

"मंग हे काय हाये? नांगराचा तास म्हनाव का म्हशीचं शिंग?"

"तुम्हाला काय दिसतं?"

"मले माहा पैसा दिसून राह्यला! तसबीर होइस्तोवर एक दिडकी देनार नाई, सांगून ठिवतो. अन् ते जे काय काळं करून राह्यले ते माह्या भिंतीले लागू देऊ नोका."

म्हणजे मास्तरांना पैसे मिळाले नव्हते. कपडा विकत घ्यायलाही नव्हते. जुनी धोतरं, गोणपाटाचे आतले पांढरे तुकडे, मोडक्या छत्रीचं कापड, जे मिळेल त्यावर ते काढत. आणि सारखं म्हणत, एक मोठा कपडा हवा. जोड नसलेला. एकदाच.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. देशमुखांची लेक आणि जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होते. त्यांच्यासाठी अकोल्याहून पलंगाच्या चादरींची एक जोडी आणली होती. दुहेरी पन्ह्याच्या, मध्ये शिवण नाही, कापड असं की हातातून पाण्यासारखं जाई. कोऱ्या चादरींची कांजी काढून, धुऊन, नीळ देऊन द्यायचं काम बाला सांगितलं होतं. त्या दिवशी बा किन्हीराजाला एका लग्नाचे कपडे पोचवायला गेला होता. डोहाच्या काठच्या गवतावर दोन्ही चादरी मी वाळत घातल्या होत्या.

मास्तर आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"पारबताबाई, यातली एक मला एक दिवस द्या."

"देशमुखाइची हाये, मास्तर. दिवाळसनाची."

"काढणार नाही काही. नुसती भिंतीवर लावून समोर बसतो. मोठा कपडा कसा दिसतो, एवढंच पाहायचंय. उद्या सकाळी तुमच्या हातात देतो."

परटाच्या घरी एक गोष्ट शिकवावी लागत नाही. लोकांचा कपडा आपल्या अंगावर घालायचा नाही आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. बाला शेजारच्यानं एकदा एका लग्नापुरता देशमुखांचा फेटा मागितला होता, तर बानं त्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. लोक घरातलं सगळं आमच्याकडे उघडं करून देतात, कोणाच्या घरी काय फाटलं, कोणाच्या चादरीला काय लागलं, सगळं. ते कुठे जात नाही म्हणून देतात. हे मला माहीत होतं. तरी मी चादर दिली. त्यांनी मागितली होती, आणि ते मला तुम्ही म्हणत होते.

सकाळी आले नाहीत. दुपारी मीच कोठ्यावर गेले.

चादर भिंतीवर होती. वरून खाली एक फराटा उतरला होता, माझ्या उंचीहून मोठा, आणि त्याला छेदून दुसरा आडवा, चादरीच्या बाहेर निघाल्यासारखा. चुना फिरवून झाला होता. काळा पुरता जागा झाला होता. खाली कोपऱ्यात माझी खूण तशीच होती, तीन उभ्या आणि एक आडवी.

मी दारातच खाली बसले. मास्तर वळले. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की क्षणभर मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं समजते आहे.

"बघा!" ते म्हणाले. "हे झालं, पारबताबाई. नऊ महिने ज्याच्यासाठी बसलो होतो ते झालं."

"मास्तर, हे निघत नाई."

"माहीत आहे."

"तुमी म्हनलं होतं, काढनार नाई."

तेव्हा कुठे त्यांचं तोंड उतरलं. जवळ येऊन उकिडवे बसले. म्हणाले, "घाबरू नका. मी स्वतः देशमुखांना सांगतो. तसबीर उद्या-परवा पुरी होते आहे. पैसे हातात आले की त्यातून दोन नव्या चादरी घ्या म्हणतो. तुमचं नावही निघणार नाही. तोवर नथूजींना काही बोलू नका. मी सांगतो, म्हणालो ना?"

मी बोलले नाही. बानं दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधताना चादरी मोजल्या. एकच. मी म्हटलं, शोधते. त्यानं नदीकाठ पालथा घातला, बाभळीबाभळीखाली पाहिलं. मी त्याच्या मागे मागे शोधत फिरले. ते सगळ्यात वाईट होतं.

असे तीन दिवस गेले, मग देशमुखांनी बोलावलं. ओसरीवर देशमुख लोडाला टेकून बसले होते, आणि बाजूला मास्तर. भिंतीवर नवी तसबीर टांगली होती. फार छान झाली होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत ओल आली होती, जशी जिवंतपणी असायची. बा आणि मी खाली अंगणात उभे राहिलो.

"नथू, चादर कुठी हाये?"

"सापडून नाई राह्यली, मालक. पोरीनं वाळाले टाकली होती."

"पाय फुटले का तिले? का बजारात गेली रिसोडच्या?"

बाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मालक, माह्या बापापासून तुमच्या घरचे कपडे धुतो. चिंधी गेली नाई कधी."

"आता गेली ना!" मग देशमुख बाजूला वळले. "मास्तर, तुमी तं त्याच वाटेवर राहता. दिवसभर बसूनच असता. तुमाले काही दिसलं का?"

मी वर पाहिलं. मला वाटलं, आता. आता ते सांगतील. मास्तरांनी हातातला पानाचा विडा एका बाजूनं दुसरीकडे फिरवला.

"नाही. मी काही पाहिलं नाही."

मग ते आणखी म्हणाले, "परटाची मुलगी ना ती? लहान आहे. धुताना पाण्यात हातून निसटली असेल. नदीला ओढ आहे."

देशमुख मला म्हणाले, "काहून वं? वाहून गेली का?"

मला खरं बोलता आलं असतं. आता लिहिताना ते सोपं वाटतं. पण रांडमुंड पोरीनं दुसऱ्याची पलंगाची चादर एकट्या राहणाऱ्या परक्या माणसाच्या कोठ्यावर नेऊन दिली, हे त्या ओसरीवर, दहा माणसांत कसं बोलावं? आणि मग बाचं तोंड कोणी पाहिलं असतं? मी मान हलवली. हो, वाहून गेली.

"मंग तीन दिवस मले शोधाले कायले लावलं?" बा मला म्हणाला. एवढंच. देशमुखांकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून.

जोडी तुटली, एक चादर घेऊन काय करू, असं म्हणून देशमुखांनी जोडीचे बावीस रुपये आमच्या नावावर धरले. आमच्याकडे गाठोडी वाहणारा एक बैल होता, ढवळ्या. बानं तो जऊळक्याच्या माणसाला विकला. देशमुखांचं घर सुटलं आणि त्यांच्या मागोमाग आणखी सात घरं सुटली. पण मला जे लागलं ते वेगळंच. त्या आठवड्यात नवे कपडे आले, तर बानं बिब्बा आणि सुई स्वतःच्या पुढे ओढली. "मी घालतो खुना," म्हणाला. "तुह्या हाताले लक्ष नाई." आणि पुन्हा टिंबं घालू लागला. मरेपर्यंत त्यानं ते काम माझ्या हाती दिलं नाही.

मी एकदाच कोठ्यावर गेले.

"तुमी सांगतो म्हनलं होतं, मास्तर."

ते सामान बांधत होते. "त्या वेळी कसं सांगणार होतो, पारबता? पैसे त्यांच्या मुठीत होते. नऊ महिन्यांचं काम. चिडून त्यांनी ते दिलेच नसते, आणि हे कापडही फाडून टाकलं असतं. तुझ्या लक्षात येत नाही का? मुंबईहून पैसे पाठवतो. सगळे."

पारबता म्हणाले, आणि तुझ्या म्हणाले. बाहेर बैलगाडी उभी होती. चादरीची गुंडाळी त्यांनी दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही, काखेत घेऊनच गाडीत चढले. कोपऱ्यात तो शिंदीचा कुंचला तसाच राहिला. मी तो आणून भट्टीत घातला.

पुढली सहा वर्षं पत्र नाही, पैसा नाही. पहिली दोन वर्षं टपालवाला दिसला की मी दाराआड जायची. आला तर बासमोर काय सांगावं, याची भीती, आणि न आल्याची वेगळी. गावात मात्र मास्तरांचं नाव निघालं की लोक हसत आणि चांगलंच बोलत. देशमुख तर पाहुण्यांना तसबिरीपुढे नेऊन उभं करत.

मग एका उन्हाळ्यात हेडमास्तर एक मासिक घेऊन आमच्या ओट्यावर आले. "नथूजी, तुमच्या फराटे मास्तरचं नाव झालं. मुंबईत मोठ्या मोठ्या लोकांनी पाहिलं म्हन्ते. पाह्य पारबते, काय समजते का तुले? मले तं काही समजत नाई."

पानभर चित्र होतं. दोन फराटे. छपाई पुसट होती, पण खाली डाव्या कोपऱ्यात तीन उभ्या रेघा आणि एक आडवी दिसत होती. खाली लिहिलं होतं, कोपऱ्यातील चिन्ह ही चित्रकाराची स्वतःची सही असावी.

हेडमास्तर म्हणाले, "सही पन कशी करते पाह्य!"

बाला दाखवावं असं फार मनात आलं. ही खूण त्यानं हजारदा हाताळली होती, त्याला पाहताक्षणी कळलं असतं. पण बाच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळे. खुणाही तो कपडा बोटांनी चाचपून ओळखायचा, आणि कागदावर बोटाला काय लागणार? मी मासिक परत दिलं.

मास्तर आले ते त्याच्या पुढच्या माघात. देशमुखांच्या नातवाच्या मुंजीला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. थोडे जाड झाले होते, कोट होता, केस कानांवर पांढरे. सकाळी दहाच्या सुमारास एकटेच आमच्या दारात आले. कुत्रं आता नव्हतं, तरी बाभळीपाशी थांबले.

"नथूजी, ओळखलं का?"

"आवाजावरून ओळखलं! या, या मास्तर. डोळे गेले, कान हायेत अजून." बानं चाचपडत घोंगडी अंथरली.

मी आत चुलीपाशी होते. दाराच्या फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्यांनी बाच्या प्रकृतीची चौकशी केली. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

"नथूजी, ती चादर गेली तेव्हा तुमचा बैल गेला. माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं. तुमच्या मुलीच्या हातून चूक झाली खरी, पण तेव्हा ती माझ्या कामासाठीच सारखी धावत होती. काळा करून दे, हे दे, ते दे. तिचं लक्ष उडालं त्यात थोडा दोष माझाही होता. म्हणून हे बावीस रुपये. तुम्ही नाही म्हणायचं नाही."

मी फटीतून पाहत होते. ते बोलताना एकदा दाराकडे पाहून गेले. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. पाठ केलेलं बोलत होते, आणि प्रवासात ते नीट घोटून घेतलं असावं. मला वाटलं, निदान आवाज तरी अडखळेल. अडखळला नाही.

बाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या डोळ्यांतून पाणीच येत होतं तेवढं. "मास्तर, आपलं नुकसान आपल्या पोरीनं केलं, अन् भरून तुमी देऊन राह्यले? असा मानूस म्या पाह्यला नाई." मग मोठ्यानं हाक मारली. "पारबते! कुठी दडली वं? बाहेर ये. मास्तरच्या पाया पड. तुहं पाप यायनं फेडलं."

मी बाहेर आले. ओट्यावर मास्तर उभे राहिले होते. पायांत पॉलिश केलेले बूट होते, त्यांवर आमच्या वाटेची धूळ. ते हळूच म्हणाले, "राहू दे, राहू दे." मला वाटतं, तेवढं एक ते मनापासून म्हणाले असावेत. बा वाट पाहत होता, मान माझ्या पावलांच्या आवाजाकडे वळवून. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा माझ्याशी मोकळा झाला होता. मी वाकले आणि बुटांना हात लावून तो कपाळाला लावला.

मास्तर बाभळीपर्यंत गेले, वळून पाहिलं नाही. नंतर मी त्यांना कधी पाहिलं नाही.

बानं रुपये घोंगडीवर ओतले. एकेक उचलून बोटानं कड चाचपली, खोटा नाही ना म्हणून अंगठ्यावर वाजवून पाहिला, आणि माझ्या तळहातावर ठेवत गेला. मी मोठ्यानं मोजत गेले, त्यानं सांगितलं म्हणून. बावीस भरले. एकही कमी नव्हता.